केव्हीएम सर्व्हरचे हार्डनिंग: कोणते काम आधी, कोणते नंतर

एकाच सर्व्हरवर केव्हीएमच्या, म्हणजे लिनक्स कर्नलमधील व्हर्च्युअलायझेशनच्या सोयीच्या, साहाय्याने अनेक व्हर्च्युअल मशीन चालवणाऱ्या ठिकाणी एक प्रकार पुन्हा पुन्हा घडतो. कर्नल हार्डनिंगची, म्हणजे लिनक्सचा गाभा हल्ल्यांविरुद्ध कडक करणाऱ्या सेटिंगची, एखादी लांबलचक यादी मिळते, ती एका बैठकीत होस्टवर, म्हणजे मूळ सर्व्हरवर, चढवली जाते, रीबूटनंतर दोन गेस्ट, म्हणजे त्यावरील व्हर्च्युअल मशीन, सुरू होत नाहीत, आणि घाईघाईत सर्वप्रथम एसई-लिनक्स, म्हणजे प्रत्येक प्रक्रियेला तिच्या ठरावीक फाइलपुरते बांधणारी कर्नलमधील व्यवस्था, बंद केले जाते. अशा रीतीने जी व्यवस्था सर्वांत मोलाची असते तीच जाते, आणि तुलनेने कमी महत्त्वाची सेटिंग मात्र जागेवर राहतात.

होस्टच्या दृष्टीने प्रत्येक गेस्ट ही क्यूईएमयू या आभासी यंत्र उभे करणाऱ्या प्रोग्रामची एक प्रक्रिया असते. गेस्टमध्ये शिरलेल्या हल्लेखोराला बाहेर पडण्याच्या मुख्य वाटा दोन आहेत. पहिली वाट क्यूईएमयूने उभ्या केलेल्या आभासी उपकरणांतील दोषांची. २०१५ मध्ये उघड झालेला व्हेनम, म्हणजे सुरक्षा-दोषांच्या सार्वजनिक यादीतील सीव्हीई-२०१५-३४५६, हा दोष फ्लॉपी कंट्रोलरमध्ये होता आणि गेस्टला फ्लॉपी जोडलेली नसली तरी तो लागू होत असे. दुसरी वाट थेट होस्टच्या कर्नलमध्ये उघडते. २०१९ मधील सीव्हीई-२०१९-१४८३५ हा दोष गेस्टचे नेटवर्क हाताळणाऱ्या व्हीहोस्ट-नेट या कर्नल मॉड्यूलमध्ये, म्हणजे कर्नलला जोडता येणाऱ्या भागात, होता, त्यामुळे तेथे क्यूईएमयूला घातलेल्या कुंपणाचा उपयोग नव्हता. पहिल्या वाटेवर प्रक्रियेचे बंदिस्तीकरण उपयोगी पडते, तर दुसऱ्या वाटेवर कर्नलचे हार्डनिंग. दोन्ही लागतात, पण बंदिस्तीकरण आधी सिद्ध झाले पाहिजे, कारण पुढे बिघाड झाल्यास कोणत्या थराला हात लावायचा नाही हे तेव्हाच ठरलेले असते.

पुढील मांडणी अल्मालिनक्स ९ आणि गेस्टचे व्यवस्थापन करणारी लिबव्हर्ट ही सेवा गृहीत धरून केली आहे. डेबियन १२ मध्ये जेथे फरक पडतो तेथे तो सांगितला आहे. पॅरामीटरची नावे उच्चाराप्रमाणे लिहिली आहेत. टाइप करताना त्यांचे मूळ स्पेलिंग मॅन्युअलमधून ताडून घ्यावे.

## तयारी: हात लावण्यापूर्वी

१. सर्व्हरच्या रिमोट कन्सोलवर, म्हणजे आयपीएमआय, आयड्रॅक किंवा आयएलओवर, प्रत्यक्ष लॉगइन करून पाहावे. बूट मेनू त्या कन्सोलवर दिसतो आणि तेथून कर्नलची ओळ बदलता येते, याची खात्री झाल्याशिवाय पुढे जाऊ नये. सिक्युअर बूटची (फक्त साइन केलेला कर्नल आणि मॉड्यूल चालू देणाऱ्या सोयीची) किल्ली नोंदवण्याचे काम फक्त बूटच्या वेळी निळ्या पडद्यावर पूर्ण होते. एसएसएचने ते होत नाही.

२. प्रत्येक गेस्टची एक्सएमएल व्याख्या लिबव्हर्टच्या व्हर्श या कमांडच्या डम्पएक्सएमएलने काढून होस्टबाहेर ठेवावी. डिस्कचा बॅकअप असतो, पण व्याख्येचा बहुधा नसतो, आणि हार्डनिंगमध्ये बदलते ती व्याख्याच.

३. होस्टवर सध्या चालू असलेल्या मॉड्यूलची यादी सर्व गेस्ट चालू असताना एलएसमॉडने घ्यावी. ही यादी आठव्या टप्प्यात लागेल.

४. कर्नलबाहेरचे कोणते मॉड्यूल वापरात आहे, उदाहरणार्थ झेडएफएस, एनव्हिडिया किंवा एखाद्या रेड कार्डाचा स्वतंत्र ड्रायव्हर, हे स्वतंत्रपणे लिहून ठेवावे.

५. एका टप्प्यातील बदल, रीबूट, सर्व गेस्ट सुरू झाल्याची खात्री आणि मगच पुढचा टप्पा, हा क्रम मोडू नये. एका वेळी दहा सेटिंग बदलल्यास बिघाडाचे कारण शोधण्यात पूर्ण दिवस जातो.

## टप्पा १: फर्मवेअर आणि मायक्रोकोड

बायोसमध्ये व्हर्च्युअलायझेशनबरोबरच इंटेलवर व्हीटी-डी आणि एएमडीवर आयओएमएमयू (उपकरणांना मेमरीत हवे तेथे पोहोचण्यापासून रोखणारी सोय) चालू करावे. सिक्युअर बूट चालू करण्यापूर्वी तयारीच्या चौथ्या मुद्द्यातील मॉड्यूल स्वतःच्या किल्लीने साइन करून ती किल्ली मॉकयुटिलने नोंदवावी. हे न केल्यास झेडएफएसचा पूल रीबूटनंतर माउंटच होत नाही, आणि दोष मात्र डिस्कवर ढकलला जातो.

त्यानंतर मायक्रोकोडचे, म्हणजे प्रोसेसरच्या आतील सूचनांचे, पॅकेज अद्ययावत करून रीबूट करावे आणि कर्नलची माहिती फाइलरूपात दाखवणाऱ्या सिसएफएसमधील सीपीयूच्या व्हल्नरेबिलिटीज या फोल्डरमधील प्रत्येक फाइल वाचावी. ‘नॉट अफेक्टेड’, ‘मिटिगेशन’ आणि ‘व्हल्नरेबल’ यांपैकी कोणता शब्द कोणत्या फाइलमध्ये आहे, ही नोंद पाचव्या टप्प्यातील निर्णयाचा आधार आहे.

## टप्पा २: एसई-लिनक्स आणि एसव्हर्ट

संपूर्ण कामात सर्वाधिक वेळ येथे द्यावा. लिबव्हर्टमधील एसव्हर्ट ही सोय प्रत्येक गेस्टच्या प्रक्रियेला एसव्हर्ट-टी हा प्रकार आणि त्यासोबत यादृच्छिकपणे निवडलेल्या दोन श्रेणी देते. त्या गेस्टच्या डिस्क फाइललाही त्याच दोन श्रेणी मिळतात. एका गेस्टच्या प्रक्रियेला सी५७ आणि सी४१० या श्रेणी असतील आणि दुसरीला सी१२२ आणि सी९०३ असतील, तर दोन्ही प्रक्रिया एकाच युजरच्या नावाने चालत असूनही पहिली दुसरीची डिस्क उघडू शकत नाही. क्यूईएमयूमधील दोषातून हल्लेखोर बाहेर आला, तरी तो याच चौकटीत अडकून राहतो.

१. एसई-लिनक्स सध्या बंद असेल तर थेट एन्फोर्सिंग करू नये. आधी परमिसिव्ह (फक्त नोंद, अडवणूक नाही) करावे, मूळ निर्देशिकेत ऑटोरीलेबलची फाइल ठेवून रीबूट करावे, सर्व गेस्ट चालवून ऑडिट लॉगमधील नकार पाहावेत, आणि ते निस्तरल्यावरच एन्फोर्सिंगवर जावे.

२. डिस्क फाइल नेहमीच्या जागेऐवजी वेगळ्या फोल्डरमध्ये असतील, तर त्या फोल्डरला सेमॅनेज एफकॉन्टेक्स्टने व्हर्ट-इमेज-टी हा प्रकार कायमचा नेमून द्यावा आणि मग रिस्टोअरकॉन चालवावे. नुसत्या सीएचकॉनने दिलेले लेबल पुढच्या रीलेबलमध्ये पुसले जाते. गेस्ट सुरू होताना लिबव्हर्ट डिस्क फाइलचे लेबल स्वतः बदलते, परंतु त्या फाइलपर्यंत जाणाऱ्या फोल्डरची परवानगी ही आपली जबाबदारी असते, आणि ‘परमिशन डिनाइड’ बहुतांश वेळा तेथूनच येते. युजरच्या होम फोल्डरमध्ये ठेवलेली आयएसओ फाइल हे याचे ठरलेले उदाहरण आहे.

३. डिस्क एनएफएसवर, म्हणजे नेटवर्कवरील सामायिक साठ्यावर, असतील तर व्हर्ट-यूज-एनएफएस हे बुलियन, म्हणजे एसई-लिनक्समधील चालू-बंद सेटिंग, चालू करावे.

४. लिबव्हर्टच्या क्यूईएमयू कॉन्फिगरेशन फाइलमध्ये सिक्युरिटी-ड्रायव्हरचे मूल्य स्पष्टपणे एसई-लिनक्स असे लिहावे, सिक्युरिटी-डिफॉल्ट-कन्फाइन्ड आणि सिक्युरिटी-रिक्वायर-कन्फाइन्ड ही दोन्ही १ करावीत, आणि प्रक्रियेला कर्नलकडे करता येणाऱ्या मागण्या मर्यादित करणारे सेककॉम्प-सँडबॉक्सही १ करावे. रिक्वायर-कन्फाइन्डमुळे बंदिस्ती नसलेला गेस्ट सुरू होण्यालाच नकार मिळतो. कोणीतरी जुन्या अडचणीच्या वेळी व्याख्येत ‘सेकलेबल नन’ लिहून विसरून गेलेले असते, ते याच क्षणी उघडकीला येते.

सावधान: ऑडिट लॉगमधील सगळे नकार ऑडिट-टू-अलाऊ या, नकारांपासून परवानगीचे नियम बनवणाऱ्या, साधनात ओतून एकच मॉड्यूल बनवण्याची सवय घातक आहे. त्यातील एखादा नकार खऱ्या घुसखोरीचा असू शकतो आणि आपण त्यालाच परवाना देऊन बसतो. प्रत्येक नकार वाचून त्याचे कारण लेबल आहे, बुलियन आहे की खरोखर नवा नियम हवा आहे, हे ठरवावे. बहुसंख्य वेळा लेबलच चुकलेले असते.

सावधान: एका गेस्टची एक्सएमएल प्रत काढून दुसरा बनवताना मूळ व्याख्येत स्थिर लेबल असेल, तर दोन्ही गेस्टना त्याच श्रेणी मिळतात आणि त्यांच्यामधली भिंत नाहीशी होते. तसेच डिस्कवर ‘शेअरेबल’ लिहिल्यास तिच्या लेबलातील श्रेणी गळून पडतात, म्हणजे ती डिस्क एसव्हर्टच्या दृष्टीने सर्व गेस्टना खुली होते. क्लस्टरसाठी ती खरोखर लागते तेथेच हा शब्द असावा.

डेबियन १२ वर हेच काम ॲपआर्मर करते. प्रत्येक गेस्टसाठी लिबव्हर्ट व त्यापुढे यूयूआयडी अशा नावाचे प्रोफाइल आपोआप तयार होते. एए-स्टेटसमध्ये ते एन्फोर्स या गटात दिसले पाहिजे. कम्प्लेनमध्ये असल्यास फक्त नोंदी होतात, अडवणूक होत नाही.

तपासणी: पीएसला मोठ्या अक्षरातील झेडचा पर्याय देऊन सर्व क्यूईएमयू प्रक्रियांची लेबले पाहावीत, कोणत्याही दोन गेस्टच्या श्रेणींची जोडी सारखी नसावी. मग एका गेस्टचा पीआयडी घेऊन प्रॉकमधील त्याची स्टेटस फाइल उघडावी. यूआयडीच्या ओळीत ० नसावा, कॅप-ईएफएफच्या ओळीत सगळी शून्ये असावीत आणि सेककॉम्पसमोर २ असावा. या ओळी योग्य असल्याशिवाय तिसऱ्या टप्प्याकडे जाऊ नये.

## टप्पा ३: गेस्टची व्याख्या छाटणे

जे आभासी उपकरण जोडलेलेच नाही त्यातील दोषाचा उपयोग करता येत नाही. सर्व्हर गेस्टला साउंड कार्ड, टॅब्लेट, यूएसबी रीडायरेक्शन आणि स्पाइस (दूरवरून गेस्टचा पडदा दाखवणारी सोय) यांची गरज नसते. तरीही ग्राफिकल साधनाने बनवलेल्या गेस्टमध्ये यांपैकी बरेच काही असते. २०२० मधील सीव्हीई-२०२०-१४३६४ हा दोष क्यूईएमयूच्या यूएसबी भागातच होता. मशीनचा प्रकार जुना आय४४०एफएक्स असेल तर नवीन गेस्ट क्यू३५ वर बनवावेत. नेटवर्क आणि डिस्क व्हर्टआयओवर, म्हणजे व्हर्च्युअल मशीनसाठीच बनवलेल्या उपकरण-प्रकारावर, असावीत. कन्सोलसाठी सिरियल पोर्ट पुरतो.

सीपीयूचे मॉडेल जुन्या सामान्य नावाऐवजी होस्ट-मॉडेल किंवा होस्ट-पासथ्रू ठेवावे. स्पेक-सीटीआरएल, एसएसबीडी आणि एमडी-क्लिअर हे फ्लॅग गेस्टला दिसले नाहीत, तर गेस्टमधील कर्नलला स्वतःचा बचाव करता येत नाही, मग होस्ट कितीही अद्ययावत असो.

डिस्कच्या फॉरमॅटबाबत सर्वांत कमी काळजी घेतली जाते. डिस्क रॉ, म्हणजे स्वतःचा हेडर नसलेली, असेल तर व्याख्येत तिचा प्रकार रॉ असा लिहिलेलाच असावा. कारण असे की गेस्टमधील रूट आपल्या रॉ डिस्कच्या सुरुवातीला हवे ते बाइट लिहू शकतो, आणि तेथे त्याने क्यूकाउ२ या क्यूईएमयूच्या डिस्क फॉरमॅटचा खोटा हेडर लिहून बॅकिंग फाइल (जिच्यावर डिस्क आधारलेली असते ती मूळ फाइल) म्हणून होस्टवरच्या एखाद्या फाइलचे नाव दिले, तर फॉरमॅट स्वतः ओळखणारे साधन ती फाइल उघडते. लिबव्हर्ट अशी ओळख स्वतःहून करत नाही. परंतु रात्री रूट म्हणून चालणारी बॅकअप स्क्रिप्ट क्यूईएमयू-इमेजचे कन्व्हर्ट फॉरमॅट न सांगता चालवत असेल, तर तीच चूक मागच्या दाराने होते, आणि तेथे एसव्हर्टही आड येत नाही. स्क्रिप्टमधील प्रत्येक ओळीत छोट्या एफचा पर्याय देऊन मूळ फॉरमॅट लिहावा.

## टप्पा ४: कर्नलची बूट पॅरामीटर

पॅरामीटर आधी बूट मेनूत ई दाबून फक्त त्या एका बूटपुरती द्यावीत. गेस्ट नीट चालले की मगच ती कायम करावीत. अल्मालिनक्स ९ वर त्यासाठी ग्रबी वापरावे. डिफॉल्ट फोल्डरमधील ग्रबची फाइल बदलून ग्रब२-एमकेकॉन्फिग चालवले तरी आधीच्या कर्नल नोंदींत बदल न होण्याची शक्यता असते. डेबियनवर मात्र तीच फाइल आणि अपडेट-ग्रब हा योग्य मार्ग आहे.

१. इनिट-ऑन-अलॉक १: मेमरी देताना ती पुसून दिली जाते. कर्नलच्या स्वतःच्या कॉन्फिगरेशन मदतीनुसार बहुतेक ठिकाणी याचा भार १ टक्क्याहून कमी पडतो.

२. इनिट-ऑन-फ्री १: मेमरी परत घेताना पुसली जाते. याचा भार त्याच मदतीत ३ ते ५ टक्के सांगितला आहे. माझ्या मते पहिले सर्वत्र असावे आणि दुसरे गुप्त किल्ल्या हाताळणाऱ्या होस्टवर मोजमाप करून लावावे.

३. स्लॅब-नोमर्ज आणि रँडमाइज-केस्टॅक-ऑफसेट ऑन: पहिल्याने कर्नलचे वेगवेगळे मेमरी-साठे एकत्र होत नाहीत, दुसऱ्याने कर्नलच्या स्टॅकमधील जागा दर वेळी बदलते. भार नगण्य असल्याने विचार न करता लावता येतात.

४. इंटेलवर इंटेल-आयओएमएमयू ऑन, आणि आयओएमएमयू-पासथ्रू ० व आयओएमएमयू-स्ट्रिक्ट १. नेटवर्कचा वेग कमी झाल्याचे जाणवल्यास आधी स्ट्रिक्टचा परिणाम मोजावा.

५. लॉकडाउन इंटिग्रिटी: कर्नल ५.४ पासून ही सोय आहे आणि चालू कर्नलमध्ये रूटनेही फेरफार करू नये हा तिचा हेतू आहे. कॉन्फिडेन्शियालिटी हा पर्याय त्याहून कडक आहे, पण त्यात परफ आणि बीपीएफवर आधारित निरीक्षणाची साधने अडखळतात. व्हर्च्युअलायझेशन होस्टवर इंटिग्रिटी पुरेशी आहे.

सावधान: पीसीआय उपकरण थेट गेस्टला देताना ते काम करणाऱ्या व्हीएफआयओ या ड्रायव्हरने नकार दिला, तर अलाऊ-अनसेफ-इंटरप्ट्स हा पर्याय चालू करण्याचा सल्ला अनेक ठिकाणी मिळतो. अविश्वासू गेस्टसाठी तो कधीही चालू करू नये. उपकरणाच्या आयओएमएमयू गटात आणखी काय आहे ते पाहावे.

तपासणी: प्रॉकमधील सीएमडीलाइन फाइल वाचून पॅरामीटर खरोखर पोहोचली का ते पाहावे. सिसएफएसच्या कर्नल सिक्युरिटी फोल्डरमधील लॉकडाउन फाइलमध्ये चौकोनी कंस इंटिग्रिटीभोवती असला पाहिजे.

## टप्पा ५: एसएमटी, केएसएम आणि नेस्टेड

ऑगस्ट २०१८ मधील एल१टीएफ आणि मे २०१९ मधील एमडीएस या इंटेल प्रोसेसरमधील दोषांनंतर एकाच कोअरच्या दोन थ्रेडवर, म्हणजे एसएमटी चालू ठेवून, दोन वेगळ्या मालकांचे गेस्ट चालवणे धोक्याचे ठरले आहे. पहिल्या टप्प्यात वाचलेल्या फाइलमध्ये ‘एसएमटी व्हल्नरेबल’ असे आले असेल आणि गेस्ट एकमेकांवर विश्वास ठेवू शकत नसतील, तर मिटिगेशन्स ऑटो,नोएसएमटी हे पॅरामीटर द्यावे. एएमडीवर हे दोन दोष लागू नाहीत, म्हणून यादीत लिहिले आहे एवढ्यावरून तेथे थ्रेड बंद करू नयेत. सगळे गेस्ट एकाच कार्यालयाचे आणि सारख्या विश्वासाचे असतील तर एसएमटी चालू ठेवण्याचा निर्णयही समर्थनीय आहे. मात्र तो लेखी असावा. मधला मार्ग म्हणजे कर्नल ५.१४ पासून उपलब्ध असलेले, एका कोअरवर एका वेळी एकाच गेस्टचे थ्रेड चालवणारे कोअर शेड्युलिंग. नव्या लिबव्हर्टमध्ये ते शेड-कोअर या सेटिंगने चालू होते.

येथील नेहमीची चूक सीपीयू पिनिंगची, म्हणजे गेस्टचे व्हीसीपीयू (आभासी प्रोसेसर) ठरावीक थ्रेडना बांधण्याची, आहे. १६ कोअर आणि ३२ थ्रेडच्या एका प्रोसेसरवर नोएसएमटीनंतर बहुधा १६ ते ३१ हे क्रमांक नाहीसे होतात, आणि ज्या गेस्टचे व्हीसीपीयू त्यांना बांधलेले असतील ते सुरू होत नाहीत. पिनिंग आधी बदलावे, मग रीबूट करावे.

केएसएममुळे सारखी मेमरी पाने एकत्र केली जातात आणि अशा पानावर लिहिताना लागणाऱ्या वेळेच्या फरकावरून शेजारच्या गेस्टमध्ये काय आहे याचा अंदाज बांधता येतो. केएसएम आणि केएसएमट्यून्ड या सेवा बंद कराव्यात, पण तेवढ्याने आधी एकत्र झालेली पाने सुटी होत नाहीत; त्यासाठी केएसएमच्या रन फाइलमध्ये २ लिहावा लागतो. त्यापूर्वी मोकळी रॅम किती आहे ते पाहावे, अन्यथा पाने सुटी होतानाच, मेमरी संपल्यावर प्रक्रिया मारणारा कर्नलचा ओओएम किलर एखादा गेस्ट मारतो.

नेस्टेड व्हर्च्युअलायझेशन, म्हणजे गेस्टच्या आत आणखी गेस्ट चालवण्याची सोय, कर्नल ४.२० पासून इंटेलवर आपोआप चालू असते. गरज नसेल तर केव्हीएम-इंटेल मॉड्यूलला नेस्टेड ० हा पर्याय द्यावा.

## टप्पा ६: सिसकंट्रोल

केप्टर-रिस्ट्रिक्ट २, डीमेसेज-रिस्ट्रिक्ट १, अनप्रिव्हिलेज्ड-बीपीएफ-डिसेबल्ड १, बीपीएफ-जिट-हार्डन २ आणि यामाचे पीट्रेस-स्कोप किमान १, ही सिसकंट्रोलची, म्हणजे चालू कर्नलच्या सेटिंगची, मूल्ये सिसकंट्रोल-डी फोल्डरमध्ये एका स्वतंत्र फाइलमध्ये लिहावीत. या पाचांमुळे गेस्ट चालवण्यात अडथळा येत नाही.

अडथळा येतो तो पुढील दोघांमुळे. तयार यादीत आयपी-फॉरवर्ड ० असे हमखास असते, आणि ते लागू होताच लिबव्हर्टच्या नॅट नेटवर्कवरील सर्व गेस्टचा बाहेरचा संपर्क तुटतो. दुसरे केएक्सेक-लोड-डिसेबल्ड १: सिसकंट्रोलच्या फाइल बूटमध्ये लवकर वाचल्या जातात, त्यामुळे होस्ट कोसळल्यावर त्याची मेमरी जपणारी केडम्पची सेवा आपला कर्नल चढवण्यापूर्वीच दार बंद होते आणि होस्ट कोसळल्यावर हाती काहीच लागत नाही. हे मूल्य केडम्पनंतर चालणाऱ्या वेगळ्या सिस्टीमडी सेवेतून द्यावे.

## टप्पा ७: नेटवर्क आणि प्रवेश

होस्टचे व्यवस्थापन वेगळ्या व्हीलॅनवर (नेटवर्कच्या स्वतंत्र विभागावर) असावे आणि गेस्ट ज्या ब्रिजवर (आभासी स्विचवर) आहेत त्या ब्रिजला होस्टचा आयपी पत्ता नसावा. गेस्टने दुसऱ्याचा मॅक किंवा आयपी पत्ता धारण करू नये म्हणून इंटरफेसच्या व्याख्येत क्लीन-ट्रॅफिक हा फिल्टर लावावा. लिबव्हर्टचा उघडा टीसीपी पोर्ट चालू ठेवू नये. दूरवरून काम एसएसएचमार्गे करावे.

सावधान: लिबव्हर्ट या गटात घातलेला युजर हा व्यवहारात रूटच असतो, कारण तो होस्टची कोणतीही डिस्क एखाद्या गेस्टला जोडून वाचू शकतो. ‘फक्त गेस्ट सुरू-बंद करण्यासाठी’ म्हणून कोणालाही या गटात घालू नये.

## टप्पा ८: मॉड्यूलना कुलूप

मॉड्यूल्स-डिसेबल्ड १ केल्यावर रीबूट होईपर्यंत एकही नवे मॉड्यूल चढत नाही आणि हे मूल्य मागेही घेता येत नाही. म्हणूनच ते सर्वांत शेवटी. सिसकंट्रोल-डी फोल्डरमध्ये ते कधीही लिहू नये. तेथून ते इतक्या लवकर लागू होते की नेटवर्क कार्डाचा ड्रायव्हरही बाहेर राहू शकतो. व्हीहोस्ट-नेट, टन, व्हीएफआयओ-पीसीआय आणि एनएफ-टेबल्सची मॉड्यूल बहुतेकदा पहिला गेस्ट किंवा पहिला नियम सुरू होताना चढतात. तयारीत घेतलेली यादी मॉड्यूल्स-लोड-डी फोल्डरमध्ये लिहावी, आणि सर्व गेस्ट सुरू झाल्यावर काही मिनिटांनी चालणारी टायमर सेवा बनवून तिच्यातून कुलूप लावावे.

तपासणी: कुलूप लागल्यावर प्रत्येक गेस्ट पूर्ण बंद करून पुन्हा सुरू करावा. बॅकअपमध्ये एनबीडी मॉड्यूल लागत असेल तर बॅकअपही एकदा चालवावा.

## टप्पा ९: अपडेट आणि लॉग

क्यूईएमयूचे पॅकेज अद्ययावत केले तरी चालू गेस्ट जुन्याच प्रोग्रामवर चालत राहतात. गेस्टच्या आतून केलेला रीबूट पुरेसा नसतो, कारण त्यात होस्टवरील क्यूईएमयूची प्रक्रिया तीच राहते. गेस्ट पूर्ण बंद करून पुन्हा सुरू करावा किंवा अद्ययावत होस्टवर मायग्रेट करावा. मायक्रोकोडमुळे मिळालेले सीपीयूचे नवे फ्लॅगही असेच गेस्टपर्यंत पोहोचतात. होस्टवर पीएसने प्रक्रियेची सुरुवातीची तारीख पाहून ती पॅकेजच्या तारखेनंतरची आहे का, हे प्रत्येक अपडेटनंतर ताडावे.

होस्टचा ऑडिट लॉग दुसऱ्या यंत्रावर पाठवावा, आणि ते यंत्र याच होस्टवरील गेस्ट नसावे. भारतातील संस्थांना सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार लॉग १८० दिवस जपणे आणि ठरावीक सायबर घटना ६ तासांच्या आत कळवणे बंधनकारक आहे. घड्याळे एनआयसी (राष्ट्रीय माहिती विज्ञान केंद्र) किंवा एनपीएल (राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळा) यांच्या, किंवा त्यांच्याशी जुळलेल्या, एनटीपी सर्व्हरशी जुळवण्याचेही त्यात सांगितले आहे. होस्ट आणि गेस्ट यांच्या घड्याळांत फरक असेल तर एसव्हर्टने नोंदवलेला नकार आणि गेस्टमधील लॉगची ओळ यांचा मेळ लावता येत नाही, म्हणून घड्याळ जुळवणारी क्रोनी ही सेवा दोन्हीकडे चालू ठेवावी आणि क्रोनीसीच्या ट्रॅकिंगमधील ऑफसेट अपडेटच्याच दिवशी पाहावा.